एकशे सतरा नंबरची कुरकुर

सूचना दोन प्रकारच्या असतात. एक भिंतीवर लावलेली आणि एक जिन्यात थांबवून सांगितलेली. पहिली कोणी वाचत नाही, दुसरी कोणी मनावर घेत नाही. म्हणून जगात अपघात होतात, अपघातांच्या चौकशा होतात आणि त्या चौकशांवर बऱ्याच सज्जनांची पोटं चालतात.

लिफ्ट-देखभालीच्या त्या कंपनीत ती तपासनीस म्हणून रुजू झाली, त्याच दिवशी तक्रारींचे फोन घेणाऱ्या टेबलावरच्या मावशींनी तिला जिन्यात गाठलं होतं. "एक लक्षात ठेव पोरी," मावशी म्हणाल्या, "तू काय बोललीस ते इथे कोणी लिहून घेणार नाही. तू कशी बोललीस, तेवढं लिहून घेतील." मावशींची निवृत्ती जवळ आली होती आणि गुडघे गेले होते, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर थांबून त्या कोणाला ना कोणाला काहीतरी सांगतच असत. (कंपनीची स्वतःची लिफ्ट तेव्हा बंद होती. अजूनही आहे.) तिने हसून मान डोलावली आणि पुढे गेली. तिच्याकडे अभियांत्रिकीची पदवी होती, खिशात जाडी मोजायची पोलादी पट्टी होती, आणि सव्वा मिलिमीटर कुठल्याही सुरात सांगितलं तरी ते सव्वाच मिलिमीटर राहतं, अशी तिची समजूत होती. पदवीबरोबर अशा समजुती फुकट मिळतात.

यंत्राला भावना नसतात, हे शास्त्र झालं. यंत्र बिघडलं की ते बाई असतं, हा अनुभव झाला. कंपनी अनुभवावर उभी होती.

थोरल्या साहेबांनी, म्हणजे हल्लीच्या व्यवस्थापकांच्या सासऱ्यांनी, धंदा सुरू केला तेव्हा लिहिता येणारे मेकॅनिक मिळत नसत. नेमका बिघाड लिहायला दोन ओळी लागत आणि दोन्ही चुकत. म्हणून त्यांनी दैनिक नोंदवहीत 'प्रकृती' नावाचा रकाना आखला आणि बिघाड एका शब्दात लिहायची पद्धत पाडली. बाई एका शब्दात कळते तर लिफ्ट का कळू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात तक्ता होता:

रुसलेली: दोन मजल्यांच्या मध्येच थांबते. उपाय: दहा मिनिटं एकटी सोडावी, आपण होऊन येते.

चवचाल: दार कोणासाठीही उघडते. उपाय: चारचौघांसमोर दार बडवावे.

वांझ: बटन दाबूनही काही होत नाही. उपाय: मालकाला दुसरी आणण्याचा सल्ला द्यावा.

म्हातारी: दोर झिजलेले. उपाय: चालते तोवर चालवावी.

कुरकुरी: चालते, पण आवाज करते, थरथरते, सरकते. उपाय: दुर्लक्ष. मुदत तीन महिने. कुरकुर न थांबल्यास आणखी तीन महिने.

गडी: बिघाड नाही.

आणि तळाशी, बारीक अक्षरात, जखमी गडी: ताबडतोब.

ही शेवटची नोंद बावीस वर्षांत एकदाच झाली होती, थोरले साहेब स्वतः आत अडकले होते तेव्हा.

कंपनीकडे दोनशे बारा लिफ्ट होत्या. कुठल्याही दिवशी त्यात साधारण एकशे चाळीस बायका निघत आणि बहात्तर गडी. गडी बिघडला की सकाळी सकाळीच त्याची बाई होई, आणि दुरुस्त झाला की संध्याकाळपर्यंत पुन्हा गडी. (वैद्यकशास्त्राला हा वेग अजून साधलेला नाही.)

वहीत न मावणारी भाषा तोंडी चाले. नवी तपासनीस स्वभावाने टिपून ठेवणारी. पहिल्या आठवड्यात तिने सहज पेन्सिलीने खुणा केल्या. अंगठ्यावर हातोडी बसली की कोणाची तरी आई, एकोणीस वेळा. हातातून स्क्रू निसटला की बहीण, तेहेतीस वेळा. शिडी चढायला कोणी कचरला की त्याला बांगड्या भरायचा सल्ला, अकरा वेळा. डबा उघडला की बायको, रोज. बाप एकदाही नाही. एवढ्या मोठ्या आस्थापनेत वर्षानुवर्षं कोणालाच बापाची आठवण होऊ नये, ही खरं तर चिंतेची बाब आहे.

तिला शब्दांचा फारसा त्रास झाला नाही. पोलादी पट्टीमुळे तिचं नाव 'मापवाली' पडलं होतं, ते तिने ऐकून सोडून दिलं. पहिल्यांदा ती लिफ्टच्या माथ्यावर उभी राहून वर गेली आणि न किंचाळता खाली आली, तेव्हा मुख्य मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, चार लोकांत म्हणाले, "ही बाई नाय, पुरुष आहे पुरुष." हा कंपनीतला सर्वोच्च सन्मान होता. तो वर्षातून एखाद्यालाच मिळे, आणि परत घेण्याचा हक्क राखून दिला जाई.

मग एकशे सतरा नंबर आला.

एकशे सतरा ही सहा मजली इमारतीतली साधी लिफ्ट होती. तिसऱ्या मजल्यावर दातांचा डॉक्टर, चौथ्यावर शिकवण्या आणि पाचव्यावर पाळणाघर. पाळणाघरात तेवीस मुलं होती आणि त्यांतलं एक तिचं होतं. लेक चार वर्षांची. सारखी रांगेत चालते आणि वाटेत दिसेल ते उचलते, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत.

एका सोमवारी तिने वरच्या मशीनच्या खोलीत जाऊन ब्रेकचं झाकण काढलं आणि पट्टी लावली. लिफ्टला मजल्यावर धरून ठेवणारं ब्रेकचं अस्तर तीन मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. ते सव्वा होतं. खाली येऊन तिने पाचव्या मजल्यावर लिफ्ट थांबवली, दार उघडं ठेवलं आणि बघत उभी राहिली. लिफ्ट हळूच, कोणाला कळू न देता, चार बोटं खाली सरकली.

चार बोटं म्हणजे मोठ्या माणसाला ठेच. मुंगीच्या बुटाची ती अर्धी लांबी होती. आणि हे अस्तर सव्वा असतानाचं. अस्तर संपलं की मोजायला बोटं पुरणार नव्हती.

तिने अहवाल दिला: ब्रेकचं अस्तर बदलावं, तोवर लिफ्ट बंद ठेवावी. बंद करण्याची चावी उस्तादांकडे असे.

उस्तादांनी अहवाल दोनदा वाचला. "पाळणाघरात पोर आहे ना तुमची?"

"आहे. पण माप पोरीमुळे आलेलं नाही, उस्ताद. पट्टीने आलंय."

"तसं नाय हो मॅडम. आईचं काळीज असतंच असं. माझी बायको पोराला शिंक आली तरी डॉक्टर गाठते." आणि त्यांनी वही पुढे ओढून लिहिलं: ११७. कुरकुरी. शेजारच्या रिकाम्या जागेत, स्वतःच्या माहितीसाठी, आणखी एक शब्द: पहिलटकरीण.

तक्त्याप्रमाणे एकशे सतराला तीन महिन्यांची मुदत मिळाली.

कामाची एक पद्धत असते आणि त्या पद्धतीत दुसऱ्यांदा तक्रार करायला मनाई नसते. तिने लाल शाईने स्मरणपत्र दिलं. नोंद झाली: किंचाळली. ती स्वतः जाऊन टेबलासमोर उभी राहिली. नोंद झाली: अंगावर आली. घरी नवरा म्हणाला, "तू जरा गोड बोलून बघ ना." नवरा चांगला होता, भांडी घासायचा, मुंगीच्या वेण्या घालायचा, आणि आपली बायको पुरुषासारखी खंबीर आहे असं मित्रांना अभिमानाने सांगायचा. तिने गोड बोलून बघितलं. नोंद झाली: लाडात आली. शेवटी तिने काही न बोलता पट्टीवर त्या मापापाशी खूण करून ती उस्तादांच्या टेबलावर ठेवली आणि निघून आली. नोंद झाली: फुगली.

दरम्यान एकशे सतरा नंबरची प्रकृती 'कुरकुरी'च राहिली. वहीत मापवालीच्या चार प्रकृती झाल्या होत्या, लिफ्टची एकच. स्थिरता कोणाकडे होती ते उघड होतं.

तिने लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' अशी पाटी लावून पाहिली. संध्याकाळी ती पाटी मुलांच्या दुकान-दुकान खेळात होती. पाळणाघरच्या बाई म्हणाल्या, "अहो, कंपनीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, काही नाही, कुरकुरी आहे. त्यांना नाही का कळत?" बाकीच्या आयांनाही तिने सांगितलं. त्या समजूतदार होत्या. एकजण म्हणाली, "माझंही पहिल्याच्या वेळी असंच व्हायचं गं. दुसरं झालं की जातं."

ती मुंगीला घेऊन रोज शहाण्णव पायऱ्या चढायची. मुंगीने जिन्यातच शंभरपर्यंतचे आकडे शिकून घेतले, फक्त शेवटचे चार तिला येत नसत. एक दिवस पंचेचाळिसाव्या पायरीवर बसून ती म्हणाली, "आई, तू कुरकुरी आहेस का?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच." आणि पुढच्या पायरीवर एक बटण पडलं होतं, ते तिने उचलून खिशात टाकलं.

(एकशे सतरा: एक मिलिमीटर आणि एक दशांश.)

मग ती व्यवस्थापकांकडे गेली. इथे तिच्याकडून एक चूक झाली. तिच्या पेशातलं माणूसच अशी चूक करू शकतं. बिघाडाचं मूळ शोधायची तिला सवय होती. ती म्हणाली, "साहेब, ब्रेक बदलत नाहीत याचं कारण वहीतले शब्द आहेत. 'कुरकुरी' लिहिलं की पुढे कोणी वाचतच नाही."

व्यवस्थापक सावरून बसले. ब्रेक त्यांना कळत नसे, सासऱ्यांचा धंदा होता; पण शब्द कळत. नुकतेच ते दोन दिवसांच्या संवेदनशीलता-शिबिराला जाऊन आले होते आणि तिथे मिळालेला कागदी बिल्ला अजून कोटावर होता. "म्हणजे आपल्या कंपनीत स्त्रियांना लागेल अशी भाषा वापरली जाते, असं तुमचं म्हणणं आहे."

"माझं म्हणणं ब्रेकबद्दल आहे."

"अगदी धीटपणे बोललात. एखादी गप्प बसली असती." त्यांनी घंटी वाजवली. "आपण समिती नेमू."

अशा रीतीने 'सभ्य संबोधन समिती' अस्तित्वात आली. सात सदस्यांची समिती, त्यात एक जागा महिलेसाठी राखीव. कंपनीत बायका तीनच: एक तक्रारदार, दुसऱ्या मावशी, ज्या निवृत्तीपूर्व रजेवर गेल्या होत्या, आणि तिसरी झाडणारी. झाडणारी प्रत्येक बैठकीला हजर असे, पण झाडू घेऊन, त्यामुळे तिची उपस्थिती मांडता येईना. ती जागा योग्य महिला मिळेपर्यंत सन्मानाने रिकामी ठेवण्यात आली. अध्यक्षपद उस्तादांकडे गेलं, कारण या विषयाचा त्यांच्याइतका अनुभव कोणालाच नव्हता.

समितीची नियमावली अकरा पानी होती. तिच्यातले निवडक नियम असे. आक्षेपार्ह शब्द टंकलिखित करू नयेत. टंकलेखकाच्या मनावर परिणाम होतो. छायाप्रत काढू नये. यंत्राकडून काय काढून घ्यावं यालाही मर्यादा आहेत. तक्रारदाराने शब्द स्वतःच्या हाताने, स्पष्ट अक्षरात, सात प्रतींत लिहावेत. अर्थाबद्दल संदिग्धता राहू नये म्हणून प्रत्येक शब्दाचा वाक्यात उपयोग करून दाखवावा.

तिने आठवड्याच्या पेन्सिलखुणांवरून अठ्ठेचाळीस शब्द काढले. अठ्ठेचाळीस साते तीनशे छत्तीस. मुंगी झोपल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून तिने ते लिहिले, वाक्यांत उपयोगासकट. बावीस वर्षांत कंपनीच्या आवारात हे शब्द लाखो वेळा उच्चारले गेले होते, पण आजवर एकही कागदावर नव्हता. आता तीनशे छत्तीस होते आणि सगळे एकाच हस्ताक्षरात.

पहिल्या बैठकीत सदस्यांनी प्रती वाचल्या आणि त्यांच्या माना खाली गेल्या. देखभाल-पर्यवेक्षकांनी तर चष्माच काढून ठेवला.

"हे एका बाईने लिहिलंय," ते हळूच म्हणाले.

"एका आईने," उस्ताद म्हणाले.

"अकरावा शब्द मला नीट लागला नाही," कोठारातले गृहस्थ म्हणाले. "जरा मोठ्याने वाचता का मॅडम?"

"तो तुमचाच आहे. बुधवारी केबल कमी पडली तेव्हा म्हणालात."

"मी केबलला म्हणालो."

"केबलला बहीण नसते."

"हे बघा, असा वैयक्तिक रोख नको," उस्ताद म्हणाले. "आम्ही जे बोलतो ते यंत्राला बोलतो. तुम्ही मात्र विचार करून, शांतपणे, सात-सात वेळा लिहून आणलंय. फरक आहे ना काही?"

"ब्रेकचं काय?" तिने विचारलं.

"ब्रेक पत्रिकेवर नाय."

इतिवृत्तात ओळ गेली: तक्रारदार मूळ विषयापासून वारंवार भरकटल्या.

(एकशे सतरा: एक मिलिमीटरला दोन दशांश कमी.)

समितीने नऊ आठवडे कसून काम केलं, हे कबूल केलं पाहिजे. तक्ता पुढील अहवाल येईपर्यंत गोठवण्यात आला. गोठवलेल्या तक्त्यात नवीन नोंद करता येत नसल्यामुळे जी लिफ्ट ज्या प्रकृतीत होती ती त्याच प्रकृतीत राहिली. उपसमितीने शब्दकोश मागवले. कोशातही पुष्कळसे शब्द सापडले, त्यावरून ते शब्द प्रतिष्ठित असल्याचा एक मतप्रवाह पुढे आला. पण व्यवस्थापक ठाम राहिले. त्यांच्या कोटावर बिल्ला होता.

शेवटी नवा तक्ता जाहीर झाला, आणि खरोखर कोणाही सभ्य माणसाने टाळ्या वाजवाव्यात असा तो होता. 'रुसलेली'च्या जागी 'विचारमग्न भगिनी'. 'चवचाल'च्या जागी 'मुक्तद्वार ताई'. 'वांझ'च्या जागी 'प्रतीक्षारत गृहिणी'. 'म्हातारी'च्या जागी 'ज्येष्ठ माउली'. 'कुरकुरी'च्या जागी 'संवेदनशील मातोश्री'. उपायांचा रकाना समितीच्या कार्यकक्षेत येत नसल्याने तो जसाच्या तसा ठेवण्यात आला. मात्र 'दुर्लक्ष' या शब्दाआधी 'आदरपूर्वक' घालावा, अशी शिफारस एकमताने मंजूर झाली. 'गडी' आणि 'जखमी गडी' यांत बदल सुचला नाही, कारण त्यांच्याबद्दल कोणाची तक्रारच नव्हती.

मेकॅनिकांनी सुधारणा मनापासून स्वीकारली. आता अंगठ्यावर हातोडी बसली की ते "तुझ्या पूजनीय मातोश्रींच्या" अशी सुरुवात करत. वाक्याचा पुढचा भाग पूर्वीसारखाच राही. ज्याला पूर्वी बांगड्या भर म्हणत, त्याला आता "भगिनीवर्गात सामील व्हावे" असं सांगत. शिव्यांची सरासरी लांबी दोन शब्दांवरून सहावर गेली आणि कामाचे तास तेवढ्याच प्रमाणात वाया जाऊ लागले; सभ्यतेसाठी संस्थेला एवढं सोसावंच लागतं.

व्यवस्थापकांनी तिला बोलावून दोन कागद दिले. एक ताकीदपत्र होतं: कार्यालयाच्या वेळेत व बाहेर तीनशे छत्तीस असभ्य शब्द लिहिल्याबद्दल. दुसरा अभिप्राय अर्ज होता. त्यात दोनच चौकोन होते, 'समाधानी' आणि 'अत्यंत समाधानी'.

"हे भरून द्या, म्हणजे ताकीदपत्र मी ड्रॉवरमध्ये ठेवतो. तुमच्यामुळे एवढं काम उभं राहिलं, मलाही वाईट वाटतं."

"एकशे सतरावर माणूस पाठवाल?"

"आजच पाठवतो."

तिने 'अत्यंत समाधानी'वर खूण केली. साहेबांनी शब्द पाळला, माणूस त्याच दुपारी गेला. त्याने एकशे सतराच्या दारावर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, गुलाबी स्टिकर लावला: 'मी मातोश्री आहे. माझ्याशी आदराने वागा.'

त्याच आठवड्यात पाचव्या मजल्यावर एका मुलीचा बूट फटीतून खाली गेला. लिफ्ट वीतभर सरकली होती. मुलगी एका पायाने लंगडी घालत पाळणाघरात पोचली आणि सगळ्यांना तो खेळ वाटला. बुटात पाय नव्हता, म्हणून घटनेची नोंद झाली नाही. (नियम चार: इजा असल्याशिवाय घटना धरू नये.)

त्या रात्री तिने काही लिहिलं नाही. मुंगीचे बूट दाराशी होते, ते उचलून तिने उगाच आतून हात घालून बघितले.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेली, नोंदवही उघडली आणि उस्तादांच्या वळणाचं अक्षर काढून लिहिलं: ११७. जखमी गडी. तक्रारदार: पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ.

सगळी यंत्रणा हलायला चाळीस मिनिटं लागली. उस्तादांनी वही बघितली आणि हातातला चहा तसाच ठेवला. सहा मेकॅनिक, दोन गाड्या, नवं अस्तर, वंगणाचे तीन डबे. लिफ्टची चावी फिरली, इमारतीला दोर लागले, लोकांना जिन्याने जायला सांगितलं गेलं आणि लोक गेले. गृहस्थाचा मामला आहे म्हटल्यावर कोणी कुरबूर केली नाही. ती मशीनच्या खोलीच्या दारात उभी होती. उस्तादांनी ब्रेक उघडला आणि जुनं अस्तर तळहातावर घेतलं. कागदासारखं झालं होतं ते. अर्धा मिलिमीटरही नव्हतं.

उस्तादांनी तळहात पुढे केला. "बघा," ते पोरांना म्हणाले, "किती सोसलं असेल याने. एका शब्दाने बोलला नाय."

दुपारपर्यंत एकशे सतरा प्रत्येक मजल्यावर काटेकोर थांबू लागली. संध्याकाळी तिने मुंगीला तिच्यातून खाली आणलं. तिने पट्टी उंबऱ्याला लावून बघितली, दोनदा. फरक शून्य होता. मुंगी हिरमुसली, कारण तिला शहाण्णवपर्यंत मोजायचं होतं.

चौकशी होणारच होती. पाचव्या मजल्यावर गृहस्थच नाहीत, हे दुसऱ्या दिवशी आभाराचा फोन करताना उघडकीला आलं. तिथे पाळणाघरच्या बाई होत्या, दोन मदतनीस होत्या आणि तेवीस मुलं. आरोप गंभीर होता: निर्जीव वस्तूच्या प्रकृतीबाबत खोटी नोंद. तिने सांगितलं, की लिफ्ट पडायच्या बेतात होती. समितीने ते मान्य केलं. पडायच्या बेतात असणं आणि गडी असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत, असं समितीने नमूद केलं. एकशे सतराची नोंद मागील तारखेपासून 'संवेदनशील मातोश्री (बरी झालेली)' अशी दुरुस्त करण्यात आली. झिजलेलं अस्तर काचेच्या पेटीत घालून व्यवस्थापकांच्या खोलीत ठेवलं गेलं. खाली उस्तादांचं नाव आहे आणि त्यांच्या प्रसंगावधानाबद्दल चार ओळी.

तिला काढून टाकलं नाही. कंपनी आता संवेदनशील होती. तिची पट्टी जमा करून घेतली आणि मावशींच्या रिकाम्या झालेल्या फोनच्या टेबलावर तिची बदली केली. स्त्रियांना ऐकून घेण्याची उपजत सवय असते, असं आदेशात लिहिलं होतं. ऐकलेलं कोणाला सांगायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

वहीत आज एकसष्ट संवेदनशील मातोश्री आहेत. कुठल्या इमारतीत, ते तिला पाठ आहे; पण ती माहिती आता तिच्या पदाच्या कक्षेत येत नाही.

ती फोन घेते. लिफ्ट अडकल्याचा फोन आला की पहिला प्रश्न विचारायचा तो छापील कागदावर दिलेला आहे: आत कोण आहे?

"कोणी नाही हो," परवा एक गृहस्थ म्हणाले. "मिसेस आहे फक्त."

"बऱ्या आहेत ना त्या?"

"तिला काय होतंय. सकाळपासून चाललं होतं, लिफ्ट कशीतरीच वाटतेय, जिन्याने जाऊ. तिचं असंच असतं, सारखं काहीतरी काढत असते. मघाशी दार वाजवत होती."

"आणि आता?"

"आता शांत आहे." मग जरा थांबून, बऱ्यापैकी समाधानाने, "चला, झाली एकदाची गप्प."

"तुम्ही कुठून बोलताय?"

"घरातून. सोफ्यावरून."

त्या गृहस्थांना तिने काय सांगितलं, ते नोंदवहीत नाही. तिथे फक्त 'टेबलवाली ओरडली' असं आहे. पण तुम्ही इतका वेळ बसून वाचताय म्हणून तुम्हालाही ती तेच विचारते आहे: आत कोण आहे? तुमच्या घरात लिफ्ट नसेल. आतल्या खोलीत कोणीतरी असेल, जी या आठवड्यात एकदा म्हणाली असेल, की पाठीतून हाताकडे काहीतरी विचित्र कळ जातेय, किंवा गॅसचा वास येतोय, किंवा तो माणूस आजही कोपऱ्यावर उभा होता. तुम्ही 'हं' म्हणाला असाल. मग ती पुन्हा बोलली नसेल, आणि घरात कसं छान शांत झालं असेल, म्हणून तर तुम्हाला हे वाचायला निवांतपणा मिळाला.

उठा, आणि त्या खोलीत जाऊन बघून या. तिने फोन धरून ठेवला आहे.